घरचं माणूस

६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र परवा पोचलं. भावोजींची तब्येत आहे तशीच आहे हे वाचलं, आणि तुझी कंबर पुन्हा धरली हेही वाचलं. कंबरेबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, म्हणजे ती चांगलीच धरली असणार. स्वतःचं दुखणं तू कधी धड सांगत नाहीस. शेकत जा, आणि वाकून बादल्या उचलू नकोस.

इकडे सगळं ठीक. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी नवं मशीन घेतलंय. ते असं घरघरतं की माझ्या टेबलावरची कपबशी थरथरते. मी तक्रार करायला म्हणून खाली गेले आणि उलट एक कोट शिवायला टाकून आले. गडद लाल. एकसष्टाव्या वर्षी लाल कोट कसला, असं म्हणशील. म्हण.

आता तुझ्या पत्रातल्या मुद्द्याकडे येते. मी सामानसुमान आवरून कायमची तुझ्याकडे राहायला यावं, असं तू लिहिलंयस. मुलाची रिकामी खोली रंगवून घेतलीस, खिडकीशी माझ्यासाठी पलंग टाकलास, कपाटही आणलंस. भावोजींना झटका आल्यापासून त्यांना उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं, भरवणं, सगळं तुझ्या अंगावर पडलंय आणि तुझ्या एकटीच्यानं ते होत नाही. मुलगा परदेशातून हवं ते पाठवतो, पण तो स्वतः येऊ शकत नाही. आणि बाहेरची बाई ठेवायला तुझं मन घेत नाही. ‘घरचं माणूस असताना परक्याला कशाला हात लावू द्यायचा,’ हे तुझे शब्द. ते मी दोनदा वाचले.

मी आलेच असते गं, पण सध्या कामातून उसंत नाही. कवळ्यांचं काम कसं असतं, ते तुला माहीतच आहे. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी मेणात दात बसवून देते, ते रुग्णाच्या तोंडात लावून बघतात, मग परत माझ्याकडे, असं चालतं. मध्येच हात झटकून उठता येत नाही. तिकडे कुणीतरी बिचारं माणूस पातळ खाऊन दिवस काढत असतं. आत्ता एक निवृत्त बसचालक बाई आल्या आहेत. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती, आणि नव्या कवळीतही तीच फट हवी म्हणून त्या हटून बसल्या आहेत. मुली म्हणतात, आई, आता तरी सरळ दात घाल. बाई म्हणतात, त्या फटीतून मी शिट्टी मारून अख्खा चौक मोकळा केलाय, ती मी सोडणार नाही. मला त्या फार आवडल्या. फट ठेवून घट्ट बसणारी कवळी करणं म्हणजे डोक्याला ताप आहे, पण मी करणार.

तेव्हा या महिन्यात काही जमत नाही. पुढच्या महिन्यातही कठीणच दिसतं. भावोजींना माझा नमस्कार सांग.

तुझी
धाकटी


२७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. पाकिटावर माझा पत्ता तू इतका दाबून लिहिला होतास की तू चिडली आहेस, हे मला पोस्टमनच्या हातातच कळलं.

तर तू डॉक्टरांना फोन केलास. हे मला सुचायला हवं होतं. मला रजा मिळत नाही म्हटल्यावर तू गप्प थोडीच बसणार. लहानपणी माझं गणित चुकलं की तू मास्तरांच्या घरी जाऊन माझी रदबदली करायचीस, तशीच आताही केलीस. माझ्या बहिणीला जरा मोकळं करा हो, असं तू त्यांना सांगितलंस, आणि ते म्हणाले की त्या तर जूनपासून माझ्याकडे कामाला नाहीतच, मी कुठून मोकळं करू. फोन ठेवताना तुझा चेहरा कसा झाला असेल, ते मला दिसतंय. त्याबद्दल मला वाईट वाटतं. बाकी कशाबद्दल वाईट वाटत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल.

हो, काम गेलं. डॉक्टर आता संगणकावर तोंडाचं चित्र काढतात, ते दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कारखान्यात जातं आणि दात पार्सलने येतात. मला त्यांनी हे दवाखान्याच्या बोळात उभ्याउभ्या सांगितलं, हातमोजेसुद्धा न काढता. इतकी वर्षं त्यांच्यासाठी काम केलं, निदान ‘बसा’ तरी म्हणायचं. ते नवे दात मी मागून घेतले आणि उजेडात धरून बघितले. वाईट निघावेत अशी माझी फार इच्छा होती. पण ते चांगले होते. काही बाबतींत माझ्यापेक्षा चांगले. त्या दिवशी घरी येऊन मी पलंगावर चपलांसकट आडवी झाले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही. बसचालक बाईंची कवळी हे माझं शेवटचं काम, आणि तेही जूनमध्येच संपलं. मागच्या पत्रात मी ते शिळं गरम करून तुला वाढलं.

म्हणजे तुझं म्हणणं तंतोतंत बरोबर आहे. मला काम नाही. तुझ्याकडे खोली आहे. तुला माणूस हवं आहे आणि मला कुणी नाही. आपण सख्ख्या बहिणी आहोत. यातली एकही गोष्ट मला खोडता येत नाही. गेले काही दिवस मी दुसरी सबब शोधत होते. गुडघे आठवले, पण गुडघे ठणठणीत आहेत. मग तुझ्याकडची हवा मानवत नाही असं लिहावं म्हटलं, पण दोन्हीकडे हवा एकच. तेव्हा सबब न देताच लिहिते. मी येणार नाही.

तू विचारलंयस, ‘तिथे एकटी बसून दिवसभर करतेस तरी काय?’ सांगते. सकाळी उशिरा उठते. चहा करते आणि दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, मृत्यूच्या जाहिरातींसकट. मग बाजारात जाते. पेअर बघून, दाबून, वास घेऊन एकच घेते आणि घरी येऊन उभ्यानेच अख्खा खाते. फोडी करत नाही. मोठी फोड कुणाला आणि सालाकडची कुणाला, हा हिशेबच नाही. दुपारी मेण तापवून हात चालते राहावेत म्हणून उगाच दात कोरत बसते, कुणाचेही नसलेले. संध्याकाळी शिंपीणबाई वर येतात आणि आम्ही रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांची यथेच्छ निंदा करतो. एवढंच. तू म्हणशील, एवढ्यासाठी तू मला नाही म्हणतेस? हो ताई, एवढ्यासाठी. मला ते पुरतं, आणि ते मला माझ्या मर्जीने मिळतं.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला झोंबलं आहे. ‘आम्हा सगळ्यांसाठी तू स्वतःच्या आयुष्यावर पाणी सोडलंस, बाबांच्या आजारपणापायी लग्नसुद्धा केलं नाहीस, आता शेवटी तरी माझ्या सावलीत ये.’ प्रेमाने लिहिलंस, ते कळतं. पण ताई, मी कशावरही पाणी सोडलेलं नाही.

त्या फोटोग्राफरची गोष्ट आपल्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की आता ती मलाही खरी वाटायला लागेल. त्याने मला मागणी घातली, बाबा अंथरुणाला खिळले होते, म्हणून मी डोळे पुसत त्याला नकार दिला. तुमची गोष्ट ही. घडलं ते असं. तो मला त्याच्या नव्या घरी घेऊन गेला. हे आपलं स्वयंपाकघर, ही आपली बैठक, इथे आपला झोपाळा, असं सगळं दाखवलं. मी विचारलं, माझं टेबल कुठे बसेल? मेणाचं, दातांचं. तो हसला आणि म्हणाला, लग्नानंतर कशाला ती दुसऱ्यांच्या तोंडातली उठाठेव. मी तिथून घरी चालत आले आणि मला इतकं हलकं वाटत होतं की वाटेत मी एका बाकावर बसून एकटीच हसले. बाबांचा यात काही संबंध नाही. बाबा तर म्हणत होते, कर लग्न. मला लोकांच्या तोंडातली ती उठाठेवच करायची होती. ती मी केली. त्यागबिग मी काही केला नाही. तुम्ही सगळे मला त्यागी म्हणत राहिलात आणि मी ऐकून घेतलं, कारण नाही म्हटलं असतं तर बाई स्वार्थी निघाली असं झालं असतं. आता तसं झालं तर होऊ दे.

बाबांचं मी केलं ते मला करायचं होतं म्हणून केलं, त्याबद्दल माझं एक अक्षर नाही. पण त्यानंतर ते सवयीचंच होऊन बसलं. तुझ्या बाळंतपणाला मी कामाला कुलूप लावून आले. परत गेले तेव्हा त्या वेळच्या डॉक्टरांनी माझं काम दुसऱ्याला दिलं होतं. तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, चार दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या. तुला हे माहीत नाही, कारण तू विचारलं नाहीस. तुझ्या सासूबाई पडल्या तेव्हाही मीच. दर वेळी कुणीतरी म्हणायचं, ‘तुला काय गं, तू मोकळीच आहेस.’ मी मोकळी नव्हते, ताई. मी काम करत होते. बाळाला मांडीवर घेऊन मला फार आनंद झाला, हे अगदी खरं आहे, आणि तुझा मुलगा आजही मला पहिला फोन करतो, हे मला मिरवावंसं वाटतं. पण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आनंद झाला आणि रागही आला. राग मी गिळून टाकला. तो अजून पचलेला नाही.

हे सगळं लिहूनही मुख्य गोष्ट राहिलीच आहे. ती टाळावी म्हणून इतका वेळ मी माझंच पुराण लावलं.

तू लिहिलंयस, भावोजी माझी वाट बघतात, दाराकडे बघून रोज माझं नाव घ्यायचा प्रयत्न करतात. जूनमध्ये मी तुझ्याकडे आले होते, त्या दुपारची गोष्ट आठव. तू गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होतीस. मी त्यांच्याजवळ बसले होते. तू खाली आलीस तेव्हा ते काहीतरी बोलत होते, आणि तू दारातून विचारलंस, ‘काय म्हणतायत?’ मी म्हटलं, ‘पाणी मागतायत.’ तू धावत जाऊन पाणी आणलंस. माझ्याकडे बघत बघत त्यांनी तो पेला मुकाट्याने संपवला. तहान नव्हती त्यांना.

तुम्हाला वाटतं, झटक्याने त्यांची वाचा गेली. थोडी गेली आहे. ओठ एका बाजूला ओढला जातो, शब्द उशिरा येतात. पण ताई, त्यांच्या तोंडात दात नाहीत. मी केलेले त्यांचे दात हॉस्पिटलमध्ये काढून डबीत घालून तुझ्याकडे दिले, तू ते धुऊन जपून ठेवलेस, आधीच एवढं झालंय त्यात आणखी त्रास कशाला, म्हणून. कुणीही असंच केलं असतं. मला मात्र बिनदाती बोलणं ऐकायची सवय आहे, दवाखान्याच्या बाकावर बसून आयुष्य गेलं त्यात. कुठलं अक्षर कुठे सांडतं ते कानाला आपोआप कळतं. म्हणून ते बोलले ते मला सगळं समजलं. बराच वेळ लागला त्यांना, आणि मध्ये लाळ पुसायला थांबावं लागलं, पण बोलले.

मला चिडवायच्या त्यांच्या नेहमीच्या नावाने म्हणाले, ‘दातवाले, ही तुला इथे बोलावणार आहे. तू येऊ नकोस.’

मी म्हटलं, असं काय बोलता. तर ते म्हणाले, ‘तू मला अंघोळ घालायला लागलीस तर मी तुझी चेष्टा कशी करू? मला लाज वाटते. पगारी माणूस ठेवा. आणि हिला माझ्याजवळ बसव. ही दिवसभर माझं करते, पण माझ्याजवळ बसत नाही.’

तेवढ्यात तुझी पावलं वाजली आणि मी पाणी म्हणाले.

मी तसं का म्हणाले, ते सांगते. तू त्यांच्यासाठी कंबर मोडून राबतेस आणि त्यांना तू नुसती बसलेली हवी आहेस, हे तुझ्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. शिवाय ते माझ्या इतकं सोयीचं होतं की तू म्हणाली असतीस, हिने मनचंच रचलं. आताही म्हणशील. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तुमच्या डॉक्टरांना विचार आणि ते हो म्हणाले की भावोजींना दात लाव. गाल बसलेत, तेव्हा दात सैल होतील, डुगडुगतील. तरी चालतील. समोर खुर्ची घेऊन बस, दुसरं कुठलंही काम हातात न घेता, आणि त्यांना विचार की धाकटीने यावं का. उत्तर यायला वेळ लागेल. मध्येच उठून दूध उतू गेलं का बघायला जाऊ नकोस. त्या घरात काय व्हावं हे तू ठरवलंस, मुलाने ठरवलं, माझ्यासाठी पलंगही येऊन पडला, आणि ज्याच्या अंगावर पाणी ओतायचं त्याला कुणी विचारलंच नाही. विचारलं मीही नाही. त्यांनी आपणहून सांगितलं आणि मी त्याचं पाणी केलं.

आता मी काय करणार आहे ते ऐक. तुमच्या गावातल्या दातांच्या डॉक्टरकडून त्यांच्या तोंडाचं नवीन माप घेऊन मला पाठव, जुन्या दातांसकट. मी ते आतून भरून नीट बसते करते. हात अजून चांगले चालतात. त्यांचा एक सुळा मी पहिल्यापासून जरा तिरका बसवला आहे, तो तसाच ठेवणार, नाहीतर ते हसले की दुसराच कुणी हसल्यासारखं वाटेल. दात घेऊन मी स्वतः येईन. आठवडाभर राहीन, लाल कोट घालून येईन. मला सकाळचा चहा आयता लागेल. दुपारी मी आणि भावोजी पत्ते खेळू, ते एका हाताने लबाडी करतील आणि तू आमच्यात बसशील. पण मी येईन तेव्हा घरात त्यांचं करायला एक ठेवलेलं माणूस असलं पाहिजे. बाई असो, बुवा असो, तुमच्या पसंतीने. नसलं तर मी दात तुझ्या हातात देईन आणि त्याच पावली परत फिरेन. मी असं कधी केलेलं नाही, म्हणून तुला खरं वाटणार नाही. मी फिरेन.

तुझी दया येत नाही असं नाही. रात्री तू त्यांना कुशीवर वळवत असशील हे डोळ्यांसमोर येतं आणि जेवण उतरत नाही. म्हणून तर लिहिते आहे इतकं. तू थकली आहेस, आणि थकलेल्या माणसाला मदत हवी असते. ती मिळायला माझं उरलेलं आयुष्य उचलून न्यायची गरज नाही. तुझ्या हाकेच्या अंतरावर ती मिळते आणि तुला ती परवडते. ती घ्यायला तुला लाज वाटते, इतकंच. ती लाज मी माझ्या अंगावर घेणार नाही.

तुला राग येईल. येऊ दे. हवं ते लिही, मी सगळं वाचेन आणि प्रत्येक पत्राला उत्तर देईन. पण फोन करू नकोस. फोनवर तू रडलीस की माझ्या तोंडून हो निघतं. असे किती हो निघाले आहेत, ते आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. मी फोनची वायर भिंतीतून काढून ठेवली आहे. खरंच काही अडलं, भावोजींचं कमीजास्त झालं, तर शिंपीणबाईंचा नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहे, त्या मला वर येऊन सांगतील. मात्र त्यांना आधीच बजावून ठेवलंय की माझी बहीण नुसती रडत असेल तर मला बोलवायचं नाही. तेव्हा तुम्हीच तिच्याशी बोला, असं मी म्हटलं. त्यांनी चिठ्ठीवर नंबर लिहिला. मग म्हणाल्या, बरं.

न येणारी,
तुझीच
धाकटी